धाकट्या फटफटीची परदेशवारी

हौस पाहायची तर हार्विचच्या धक्क्यावर पाहावी! १२५ सी.सी.ची चिमुकली फटफटी व्हॅनमध्ये पट्ट्यांनी आवळून इंग्रज हौशी बोटीने हॉलंडला निघतात. कशाला? तर आसेनला. तेथली पहिली शर्यत १९२५ साली खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवरून झाली. १९५५ पासून शर्यतीसाठी खास ट्रॅक आहे, आज साडेचार किलोमीटरांचा. काही ठरावीक दिवशी तो हौशी लोकांना खुला असतो. पैसे भरा, आपली गाडी उतरवा.

सरळ पट्ट्यात हजार सी.सी.च्या थोरल्या गाड्या धाकटीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वळण आले की मात्र गंमत! अंगाने हलकी, म्हणून ब्रेक उशिरा लावला तरी चालतो, वेगही फारसा सोडावा लागत नाही. धाकटी पुन्हा थोरलीच्या पाठीशी हजर!

पण मागून थोरली आली म्हणून सौजन्याने बाजूला होऊ नये बरे का! तुम्ही आपली रेषा सोडणार नाही, हे धरूनच मागचा स्वार पुढे जायची जागा निवडतो. हललात की टक्कर. आणि घरच्या मंडळींनी विम्याचा कागद आधी वाचावा. रस्त्याचा विमा ट्रॅकवर बहुधा लागू नसतो. क्लचची जादा तार तेवढी हे गृहस्थ आठवणीने घेतात.