बड्स घेण्याआधी जागा ठरवा : उस्मानपुऱ्यातील रहिवाशांना तातडीचे आवाहन

उस्मानपुरा, पीरबाजार, ज्योतीनगर आणि आसपासच्या सर्व कुटुंबांना कळकळीची विनंती.

नवरात्र तोंडावर आले की मोबाइलवर सेलच्या जाहिरातींचा मारा सुरू होतो आणि पैठण गेटच्या दुकानांसमोर गाडी लावायला जागा उरत नाही. या दिवसांत घराघरात वायरलेस बड्सची किंवा हेडफोनची एखादी जोडी येतेच. कुणी बारावीच्या मुलाला क्लाससाठी घेतो, कुणी मुलीचा इंजिनिअरिंगला नंबर लागला म्हणून, कुणी आजोबांना कीर्तन ऐकायला. पैशांची काळजी तुम्ही करालच. माझी घाई वेगळ्या कारणासाठी आहे. चुकीची जोडी घेतली की आवाज वाढवावा लागतो, आणि वाढवलेल्या आवाजाने कायमचे गेलेले ऐकू येणे परत मिळत नाही. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात, प्रत्येक कानात साधारण 15 हजार. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. एकदा मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही आणि ती उगवून देणारे औषध आज कोणत्याही दवाखान्यात नाही.

म्हणून दुकानात शिरल्यावर ‘हजारात काय आहे?’ हा पहिला प्रश्न नको. ही वस्तू कुठे बसून, कुठे उभे राहून वापरणार, ते घरीच ठरवा. जागा ठरली की निम्मी निवड आपोआप होते. पैशांचा विचार त्यानंतर.

जागेला एवढे महत्त्व का, ते आपल्याच भागात पाहा. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन, जवळच देवगिरी महाविद्यालय, आणि मधल्या प्रत्येक इमारतीवर क्लासची पाटी. हजारो मुले-मुली दिवसभर क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन या पट्ट्यात फिरत असतात. कायद्याने निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा 55 डेसिबल आहे. गजबजलेल्या चौकात हॉर्न, रिक्षा, बुलेट आणि बस मिळून हा आकडा सहज 75-80च्या घरात जातो. त्यात कानातले गाणे ऐकू यायचे तर ते त्याहून वर न्यावे लागते. बोट नकळत बटण दाबत राहते.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे : 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत चालेल. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 83ला 20 तास, 86ला 10, 89ला 5 आणि 92ला फक्त अडीच तास. लक्षात घ्या, हा आठवड्याचा कोटा आहे, दिवसाचा नव्हे. पूर्ण आवाजात अनेक फोन आणि बड्स मिळून 100च्या पुढे जातात. तिथे आठवड्याचा कोटा अर्ध्या तासाच्या आत संपतो. याच संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या 100 कोटींहून अधिक तरुणांचे कान अशा ऐकण्याने धोक्यात आहेत. फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवायची सोय बहुतेक कंपन्यांनी दिलेली असते. ती आजच शोधा आणि 60 टक्क्यांवर बांधून टाका.

आता विद्यार्थ्यांविषयी. खोलीत बसून लेक्चर ऐकायचे असेल, तर माझे स्पष्ट मत आहे की वायरलेस घेऊच नका. वायरचा साधा इअरफोन चारशे-पाचशेत येतो, चार्जिंग मागत नाही, आवाज उशिरा पोचत नाही आणि त्याचा माइक स्वस्त बड्सपेक्षा बहुधा चांगला निघतो, कारण तो तोंडाजवळ असतो. नव्या फोनला गोल पिनचे छिद्र नसेल तर टाइप-सी पिनचा मागा. मित्रांमध्ये तो मिरवता येत नाही, हे खरे. पण शिक्षकाचा आवाज ऐकायला धडधडणारा बास कशाला हवा?

वायर नकोच असेल तर नेकबँड पाहा. हजाराच्या आतबाहेर मिळतो, मानेवर राहतो, एक बाजू गटारात पडून उरलेली एकटी सांभाळत बसायची वेळ येत नाही. बड्समधली बॅटरी इतकी लहान असते की दोन-अडीच वर्षांत ती थकते, आणि बहुतेक बड्स उघडून ती बदलता येत नाही. नेकबँडची बॅटरी मोठी असते. गल्लीतला मोबाइल दुरुस्तीवालाही कधी कधी ती बदलून देतो. खोक्यावर ‘40 तास’ लिहिलेले असते, ते बड्स आणि डबी मिळून असतात. एकदा कानात घातल्यावर किती तास चालतात तो आकडा बारीक अक्षरात असतो, तो वाचा. ‘13 एमएम ड्रायव्हर’ म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाचे माप, हाही गुणवत्तेचा दाखला नाही. लॅपटॉप आणि फोन दोन्ही वापरणाऱ्यांनी मात्र एकाच वेळी दोन उपकरणांना जोडता येते का, हे जरूर विचारावे. कोडिंगच्या इंटर्नशिपला बसलेल्या मुलांना त्याचा रोज उपयोग होतो.

कानावर बसणारे मोठे हेडफोन अभ्यासाला उत्तम, पण आपल्या गावात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. स्वस्त रेक्झिनच्या गाद्या घामाने वर्षभरात सोलपटतात. गाद्या बदलून मिळतात का, आधी विचारा. मिळत नसतील तर कापडी आवरणाचे घ्या.

आता एक फसगत, जी मला सर्वांत जास्त खटकते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘ईएनसी’ छापलेले असते आणि घेणारा समजतो की बाहेरचा गोंगाट आता बंद. तसे नाही. ईएनसी असते समोरच्यासाठी : तुम्ही फोनवर बोलताना तुमच्या मागचा कलकलाट त्याला कमी ऐकू जावा म्हणून. तुमच्या कानातला गोंगाट कमी करते ते ‘एएनसी’. बाहेरचा आवाज माइकने टिपून त्याच्या उलट लहर कानात सोडायची, असे ते काम करते. एका अक्षराच्या फरकावर दुकानात अनेकांचे पैसे वाया जातात.

एएनसी खरोखर उपयोगी पडते ती वाळूजच्या कंपनी बसमध्ये, रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसमध्ये, पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये. इंजिनाची एकसुरी घरघर ती चांगली खाते, आवाज 60ऐवजी 40 टक्क्यांवर ठेवला तरी गाणे स्पष्ट येते आणि कान वाचतात. रोजचा प्रवास लांबचा असेल तर दोन ते चार हजार घालून चांगली एएनसी घेणे हा शौक नव्हे, शहाणपणाचा खर्च आहे. दहा-वीस हजारांच्या जोड्यांत ती आणखी चांगली असते, यात वाद नाही. पण ज्याचा प्रवास पंधरा मिनिटांचा आहे त्याने तेवढे पैसे का घालावेत, हे मला कळलेले नाही.

एवढे सांगूनही एक छोटी गोष्ट महत्त्वाची. बड्सबरोबर लहान, मध्यम, मोठी अशा रबरी टोप्या येतात. डबीतून निघाली तीच टोपी आयुष्यभर वापरू नका. सैल टोपीत बास येत नाही आणि बाहेरचा आवाज आत येतो, मग पुन्हा बटण. तिन्ही घालून पाहा. दोन कानांना वेगवेगळ्या मापाची लागली तरी त्यात वावगे नाही.

मात्र हीच घट्ट बसणारी, एएनसीची जोडी दुचाकीवर जीवघेणी आहे. मागून येणारा हॉर्न, ब्रेकची किंचाळी, रुग्णवाहिका, सगळेच ती पुसट करते. स्विगी-झोमॅटोची डिलिव्हरी करणाऱ्या भावांनो, रस्ता सांगणारा आवाज फोनच्या स्पीकरवर ठेवा, फोन हँडलला लावा. कॉल आला तर गाडी कडेला घ्या आणि मग बोला. ‘पारदर्शक मोड’ किंवा हाडातून आवाज देणारे हेडफोन यांनी कान मोकळे राहतात, पण लक्ष गाण्यात गेलेच तर चौक तेवढाच धोक्याचा राहतो. मुकुंदवाडी असो वा संग्रामनगर, रुळांच्या कडेने कानात बड्स घालून चालू नका. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण गाडी कलम वाचून दाखवत नाही.

वाळूज-चिकलठाण्याच्या शॉपफ्लोअरवरील बंधूंना वेगळी विनंती. प्रेसच्या दणक्यावर उपाय म्हणून कुणी बड्स घालून काम करत असेल तर ते आज थांबवा. एएनसी एकसुरी आवाज कमी करते, ठोक्याचा आवाज नाही, आणि त्यावर तुम्ही गाणे चढवता म्हणजे दोन्हीचा मारा एकदम. गोंगाटाने येणारे बहिरेपण हा कायद्याने नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य आजार आहे. इअरप्लग आणि इअरमफ देणे मालकाची जबाबदारी आहे. ते मागून घ्या.

लहान मुलांसाठी हेडफोन घेताना ‘85 डेसिबल मर्यादा’ असे लिहिलेले मिळतात. ते नसल्यापेक्षा बरे. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली पातळी मात्र 75 डेसिबलची, आठवड्याला 40 तासांपर्यंतची आहे. हातभर अंतरावरून तुम्ही हाक मारली आणि मुलाला ऐकू आली नाही, तर आवाज जास्त आहे असे समजा.

आजी-आजोबांसाठी घेणाऱ्यांनी जरा थांबावे. टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो म्हणून बड्स घेणे, किंवा ऑनलाइन मिळणारे पाचशे-सातशेचे ‘कानाचे मशीन’ मागवणे, दोन्ही आंधळे उपाय आहेत. तसले मशीन सगळेच आवाज सरसकट मोठे करते, गेलेले ऐकू येणे ओळखून त्यानुसार जुळवून घेत नाही. आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. घाटी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. श्रवणदोष पात्रतेइतका असेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. आणि कान वाहत असेल तर कोणतेही बड्स घालू नका. पावसाळ्यात दमट कानात बुरशी लवकर धरते. एकाचे बड्स दुसऱ्याने घालणे मुलांना प्रेमाचे वाटते, कानाला ते मानवत नाही.

राहिला प्रश्न ‘फर्स्ट कॉपी’चा. दोन हजारांत ‘एअरपॉड’, डबी उघडताच आयफोनच्या पडद्यावर चित्रही येते, मग खोटे कसे? येते, कारण नकली मालातही ती सोय घातलेली असते. अनुक्रमांकही खऱ्याचाच छापलेला असू शकतो. खोटे व्यापारचिन्ह लावून माल विकणे हा 1999च्या व्यापारचिन्ह कायद्याने गुन्हा आहे, किमान सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद. माझा विरोध स्वस्त मालाला नाही. बोट, नॉइज, रिअलमी, वनप्लस असे स्वतःच्या नावाने विकले जाणारे हजार-दीड हजाराचे बड्स घ्या ना. ज्याच्या मागे कुणी उभे राहणार नाही, ती लिथियमची बॅटरी मात्र कानात घालू नका.

भारतात वायरलेस हेडफोन आणि इअरफोनना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर मानक चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ हे ॲप फोनवर घ्या, दुकानातच तो क्रमांक टाका. बनवणाऱ्याचे नाव आणि ब्रँड जुळला तर पुढे बोला. ही नोंदणी विजेच्या सुरक्षिततेची आहे, आवाज गोड असल्याची हमी नव्हे, पण तीच नसेल तर बाकी गप्पा व्यर्थ. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीचा फोन क्रमांकही असायलाच हवा.

पक्के बिल घ्या. ‘बिल घेतलं तर जीएसटी लागेल’ असे कुणी म्हणाले तर दुकान बदला. बिलाशिवाय वॉरंटी नसते. खोके दुकानातच उघडून दोन्ही बाजू वाजवून पाहा, मग दुकानाच्या पायरीवर उभे राहून घरी फोन लावा. माइकची खरी परीक्षा रस्त्याच्या गोंगाटातच होते. कंपनीचे सेवा केंद्र शहरात आहे की माल कुरिअरने पाठवावा लागतो, तेही विचारून घ्या. फसवणूक झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विकणारा गुरुग्रामचा असो की बंगळूरचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

डबी फुगली, चार्जिंगला लावल्यावर हात लावता येईना इतकी तापली, तर वापर लगेच बंद करा आणि ती घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात दाबली गेली की लिथियम पेटते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

शेवटी सर्वांत तातडीचे. मोठ्या आवाजात ऐकल्यावर कानात शीळ वाजत राहिली आणि ती दोन दिवसांत थांबली नाही, तर कान तपासून घ्या. आणि एखाद्या सकाळी एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका, पेपर संपू दे म्हणून पुढे ढकलू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. अशा बहिरेपणावर औषध जेवढ्या लवकर सुरू होते तेवढा उपयोग अधिक होतो. पहिले दोन आठवडे निघून गेले की ऐकू येणे परत मिळण्याची शक्यता झपाट्याने घटते.