सुगंध लावा, पण माफीनामा म्हणून नको

चळवळीतल्या ज्येष्ठांची एक तक्रार हल्ली प्रत्येक बैठकीत ऐकू येते. पोरांच्या खिशातून जयंतीच्या वर्गणीला पन्नास रुपये निघत नाहीत, पण बॉडी लोशनच्या बाटलीला तीनशे निघतात. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी पोटाला चिमटा घेतला आणि ही पिढी अंगाला फेस चोळत बसली आहे, असा त्या तक्रारीचा सूर असतो. दुसरीकडे आमच्याच वयाची मुलं-मुली म्हणतात, काका, तुमचा काळ वेगळा होता. आता चांगलं दिसणं आणि अंगाला चांगला वास येणं हीच आमची बरोबरी.

आम्हाला दोन्ही म्हणणी अर्धीच पटतात. उरलेल्या अर्ध्याबद्दल हा लेख आहे.

आम्ही म्हणजे फैजपूर आणि आसपासच्या गावांतून अभ्यासवर्गाला जमणारी मंडळी. कुणी कॉलेजात आहे, कुणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीत, कुणी केळीच्या गाड्या भरायला जातं. गेल्या हिवाळ्यात हा वाद फार तापला तेव्हा ठरवलं, नुसतं भांडण्यापेक्षा वापरून पाहू. पैसे काढले, बॉडी वॉश, लोशन, क्रीम अशा दहा-बारा वस्तू आणल्या, वाटून घेतल्या आणि दोन महिने वापरल्या.

बाटल्यांबद्दल जे कळलं ते आधी सांगून टाकतो. लोशनमध्ये पाणी जास्त, क्रीममध्ये तेलकटपणा जास्त. काम दोघांचं एकच, कातडीतला ओलावा उडू न देणं. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावलं तर गुण येतो. साबण क्षारयुक्त असतो म्हणून थंडीत अंग ताणल्यासारखं होतं. बॉडी वॉश बहुधा त्या मानाने सौम्य असतो. पण फुटलेली टाच तीनशेच्या लोशनने जशी भरून आली, तशीच ती पेट्रोलियम जेलीने आणि घरच्या खोबरेल तेलानेही भरून आली. मग वरचे पैसे कशाचे? बरेचसे वासाचे आणि जाहिरातीचे. त्या वासाबद्दल बाटलीवर 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' एवढा एकच शब्द असतो, आत काय आहे ते कळत नाही. सुगंधी द्रव्यांनी काहींना खाज येते, पुरळ उठतं. आमच्यातल्या दोघांना उठलं. तेव्हा नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावा, एक-दोन दिवस थांबा, मग अंगभर वापरा.

आणि हो, वास आवडला. खोटं कशाला बोलायचं? केळीचा चीक कपड्यावर पडला की काळा डाग कायमचा बसतो, हाताला लागला की तेल चोळूनही लवकर निघत नाही. दिवसभर घड वाहून आलेल्या आमच्या एका मैत्रिणीने रात्री गुलाबाच्या वासाचं लोशन लावलं आणि म्हणाली, आज अंग माझं वाटलं. हे सुख चैनीचं म्हणून मोडीत काढायचा अधिकार कुणालाही नाही. ज्यांच्या देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या चंदन उगाळलं गेलं, त्यांना तर मुळीच नाही.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. आम्ही एकमेकांना विचारलं, हे तू नेमकं कधी लावतोस? मुलाखतीला जाताना. वर्गात पहिल्या बाकावर बसायचं असेल तेव्हा. दुसऱ्या आळीतल्या मित्राच्या घरी जेवायला बोलावलं असेल तेव्हा. उत्तरं वेगवेगळी होती, पण सगळी एकाच ठिकाणी येऊन थांबली: 'त्यांच्यात' जाताना. वस्तीत कुणी लावत नव्हतं. एकाने सांगितलं, वसतिगृहात तो खोलीत शिरला की खोलीतला दुसरा मुलगा हसत हसत खोलीभर स्प्रे मारायचा. हा रोज दोनदा अंघोळ करू लागला, दोन-दोन डिओ वापरू लागला. स्प्रे थांबला नाही. थांबणार कसा? जो वास अंगाला नव्हताच, तो धुऊन कसा जाईल?

मित्रांनो, जातीचा वास आपल्या अंगाला नसतो, तो समोरच्याच्या नाकात असतो. पुरावा हवा असेल तर महाडला चला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळं शुद्ध करून घेतलं. कशाने? शेण, गोमूत्र, दूध आणि दह्याने. १०८ घडे मंत्र म्हणत तळ्यात बुडवले. माणसाच्या ओंजळीने बाटलेलं पाणी जनावराच्या शेणामुताने शुद्ध झालं! यात वासाचा, जंतूंचा, स्वच्छतेचा कुठे संबंध आहे? असता तर न्याय उलटा झाला असता.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावं, प्रेतावरची वस्त्रं नेसावीत, फुटक्या भांड्यात खावं, लोखंडाचे दागिने घालावेत असं सांगितलं आहे. म्हणजे आधी धर्माज्ञेने प्रेताचे कपडे नेसवायचे आणि मग वास येतो म्हणून नाकाला धोतराचा सोगा लावायचा. पाणवठा बंद करायचा आणि मग मळके म्हणायचं. मेलेलं ढोर ओढायला लावायचं आणि मग ओढणाऱ्यापासून चार हात लांब राहायचं. घाण अंगावर टाकणाराच स्वच्छतेचा परीक्षक होऊन बसला, हा या व्यवस्थेचा डाव होता.

बाबासाहेबांनी हा डाव कसा मोडला ते नीट पाहायला हवं. महाडच्या त्या मार्चमधल्या परिषदेत त्यांनी मृत मांस खाणं आणि हीन ठरवलेली कामं सोडायला सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच स्त्रियांना सांगितलं की जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, जातीची खूण असलेले दागिने टाका, स्वच्छ आणि नीटनेटक्या राहा. १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेतही स्वच्छतेचा आग्रह होताच. ते स्वतः सुटाबुटात, टायमध्ये राहिले. तेव्हा ज्येष्ठांना आम्ही नम्रपणे सांगतो, फाटकं राहणं म्हणजे चळवळ, असं बाबासाहेबांनी कधीही शिकवलं नाही. पण तरुणांनाही तेवढ्याच नम्रपणे सांगतो, त्यांच्या सांगण्यातला क्रम विसरू नका. लादलेलं काम सोडा, हक्काचं पाणी घ्या आणि ताठ मानेने स्वच्छ राहा. ढोर ओढून या आणि अंगाला अत्तर फासा, असं ते म्हणाले नाहीत.

असं म्हणणारे दुसरे होते, आणि त्यांचा आपल्या गावाशी संबंध आहे. फैजपूरचं नाव देशाच्या इतिहासात आहे ते डिसेंबर १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. शाळेत आपल्याला ते अभिमानाने शिकवलं जातं. त्याच्या महिनाभर आधी, २८ नोव्हेंबर १९३६ च्या 'हरिजन'मध्ये, गांधीजींनी आदर्श सफाई कामगार कसा असावा यावर लेख लिहिला. त्याने हे काम पवित्र सेवा म्हणून करावं, संडास कसा बांधावा आणि विष्ठेचा वास कसा नाहीसा करावा याचं ज्ञान मिळवावं, अशी त्यांची अपेक्षा होती. ते काम त्याच जातीने का करायचं, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याच १९३६ मध्ये बाबासाहेबांनी जातिसंस्थेच्या उच्छेदावरचं न झालेलं भाषण स्वखर्चाने छापलं आणि स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढे १९४५ च्या पुस्तकात त्यांनी सफाईकामाच्या या गौरवाची कठोर चिकित्सा केली. एका बाजूला घाणीच्या कामाला शिंपडलेलं अध्यात्माचं अत्तर, दुसऱ्या बाजूला ते कामच जातीपासून तोडण्याची लढाई. आपण कोणत्या बाजूचे आहोत?

हा प्रश्न जुना झालेला नाही. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपये द्यायला सांगितलं, २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. मरणाची भरपाई वाढते आहे, याचाच अर्थ मरणं थांबलेली नाहीत. त्याच कायद्याखालच्या नियमांत गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्याला कोणती साधनं द्यायची याची लांबलचक यादी आहे. त्यात हातमोजे आहेत, गमबूट आहेत, मुखवटे आहेत, सुरक्षा शॉवर आहे. आणि त्या यादीत एक क्रीमही आहे, घाण आणि रसायनं कातडीला लागू नयेत म्हणून कामाआधी लावायचं संरक्षक क्रीम!

बाजारातल्या सगळ्या क्रीमच्या जाहिराती आपल्याला तोंडपाठ आहेत. आणि कायद्याने ज्या एका क्रीमवर आपल्या माणसाचा हक्क सांगितला आहे, ते आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे? ठेकेदाराने ते कधी कुणाच्या हातावर ठेवलेलं ऐकलं आहे? आम्ही दोन महिन्यांत डझनभर बाटल्या वापरल्या, पण हे क्रीम काही आम्हाला दुकानात दिसलं नाही. ते दुकानात मिळायचंच नाही, ते मागावं लागेल.

आता बाजाराबद्दल. बाजार जात विचारत नाही, पैसे विचारतो, असं आपल्यातले काही जण अभिमानाने सांगतात. यात थोडं तथ्य आहे. तामिळनाडूत चिन्नी कृष्णन आणि पुढे त्यांच्या मुलांनी शाम्पू छोट्या पुडीत विकायला सुरुवात केली, तेव्हा श्रीमंताच्या न्हाणीघरातली वस्तू मजुराच्या हातात आली. हे वाईट झालं असं कोण म्हणेल? पण याच बाजाराने १९७५ पासून 'फेअर अँड लव्हली' विकून काळ्या-सावळ्या मुलींना नोकरी न मिळण्याचं आणि लग्न न जमण्याचं कारण त्यांच्याच कातडीत दाखवलं. २०२० मध्ये जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला तेव्हा नावातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. डबी तीच राहिली. स्प्रे मारणारा तो मुलगा आणि ही जाहिरात एकच गोष्ट सांगतात: दोष तुझ्या अंगात आहे.

यात जीवही जातो. गोरं करणारी म्हणून सर्रास खपणारी काही मलमं मुळात स्टिरॉइडची असतात. ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायची; नाहीतर कातडी पातळ होते, लाल पडते, केस उगवतात. काही वर्षांपूर्वी अकोल्यात एका विद्यार्थिनीचं, तिच्या आईचं आणि बहिणीचं मूत्रपिंड बिघडलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. अकोला आपल्या भुसावळच्याच रेल्वेमार्गावर आहे, फार लांब नाही. तेव्हा ज्या डबीवर घटक, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही ती घेऊ नका. आणि गोरं करतो म्हणणारी कोणतीच घेऊ नका.

धम्म याबद्दल काय म्हणतो, असंही वर्गात विचारलं गेलं. उपोसथाच्या दिवशी घेतल्या जाणाऱ्या अष्टशीलात माला, गंध, विलेपन यांपासून दूर राहण्याचं शील आहे. रोजच्या पंचशीलात ते नाही. म्हणजे उपासकाला सुगंध वर्ज्य नाही; एखाद्या दिवशी तो स्वतःहून बाजूला ठेवायचा आहे. त्याग आणि वंचना यांत हाच फरक आहे. ज्याच्या हातात वस्तू आहे तोच ती सोडू शकतो. ज्याला ती मिळूच दिली नाही त्याच्या रिकाम्या हाताला साधेपणा म्हणणं ही चेष्टा आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी राजगृहाच्या झाडूवाल्या सुनीताची कथा दिली आहे. रस्त्यावर केरकचरा काढत असताना तो भगवंतांना पाहून भिंतीला चिकटून उभा राहिला. भगवंतांनी त्याला आधी अंघोळ करून ये म्हटलं नाही, त्याच्या कामाचा गौरवही केला नाही. हे जिणं सोडून संघात येतोस का, एवढंच विचारलं.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. परवडत असेल तर लोशन घ्या, लावा, आनंदाने लावा. घरी लावा, वस्तीत लावा, कामावरून आलेल्या आईच्या हातालाही लावा. पण 'त्यांच्यात' जाताना माफीनामा लिहून दिल्यासारखं लावू नका. कुणी नाक मुरडलं तर नवी बाटली विकत आणू नका, त्याला जाब विचारा. वसतिगृहात घडलं तर लेखी तक्रार करा, आम्ही सोबत येऊ.

आणि एक काम सगळ्यांनी मिळून करायचं आहे. आपापल्या नगरपरिषदेत आणि ग्रामपंचायतीत माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. सफाई कामगारांना, ठेक्यावरच्यांनाही, वर्षभरात किती हातमोजे, किती गमबूट, किती साबण दिले? काम संपल्यावर अंघोळीची सोय कुठे आहे? कायद्यातलं ते क्रीम किती खरेदी केलं, बिल कुठे आहे? उत्तरं आली की ती कामगारांच्या वस्तीत वाचून दाखवू आणि पुढची दिशा त्यांच्यासोबत बसून ठरवू. अर्जाला फक्त दहा रुपये लागतात, लोशनच्या बाटलीला तीनशे. आपल्या पिढीच्या खिशात दोन्हींसाठी पैसे निघाले पाहिजेत.

जय भीम!