ट्रॉली घेताना रंगाला भुलू नका



गळीत हंगाम तोंडावर आला की ऊस वाहण्यासाठी नव्या ट्रॉलीची चौकशी सुरू होते. उद्यमनगरात किंवा शिरोलीत ट्रॉली बघायला गेलात तर रंग नंतर पाहा. आधी खाली वाकून सांगाडा पाहा.

लांबीचे चॅनेल शक्यतो अखंड असावेत. जोडांचे वेल्डिंग सलग हवे. नुसते टाके मारले असतील तर खड्ड्यात तडा तिथूनच जातो. म्हणून रंग चढण्यापूर्वीच जोड तपासावेत.

दोनचाकी ट्रॉलीत धुऱ्याची जागा महत्त्वाची. धुरा फार मागे असला तर हुकावर जादा भार येतो आणि चढाला ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात. फार पुढे असला तर हूकच वर ओढला जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाके जागीच फिरतात. चारचाकीत बहुतेक भार तिच्याच चाकांवर राहतो. ब्रेक नसेल तर उताराला भरली ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे ढकलते, हे ध्यानात ठेवा.

नोंदणी व विमा झाल्याशिवाय ट्रॉली रस्त्यावर आणू नका. आणि मागे लाल रिफ्लेक्टर लावाच. रात्री अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळते, तेव्हा जाणारा पोरगा बहुधा आपल्याच पंचक्रोशीतला असतो.