उसाला कायदा, कोयत्याला लवाद

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली गावं ओस पडतात. वंजारी, बंजारा, मातंग, बौद्ध, लाखांनी माणसं संसार ट्रॅक्टरवर टाकून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं मोजायची ही यांची रीत!

उसाचा भाव दिल्ली कायद्यानं बांधून देते. २०२४-२५ च्या हंगामाला टनाला ३४०० रुपये. चौदा दिवसांत दिले नाहीत तर कारखान्याला १५ टक्के व्याज. शेतकऱ्याला ते मिळालंच पाहिजे. पण तोडणाऱ्याचा दर? तो साखर संघ, संघटनांचे पुढारी आणि लवाद बंद दाराआड ठरवतात. २०२३ च्या नोव्हेंबरात फड सुरू झाले, दर ठरला २०२४ च्या जानेवारीत. ३४ टक्के वाढ म्हणून गुलाल उधळला. टनाला २७३ चे ३६६. जोडी मरमर मरून दिवसाला दोनेक टन तोडते. करा हिशोब.

त्यातही उचल आधीच अंगावर. म्हणजे घाम गळायच्या आधी विकलेला. फिटली नाही की बाकी पुढच्या हंगामावर. शेतकऱ्याचं थकलं तर व्याज कारखान्यावर. आमचं थकलं तर आम्हीच गहाण.

एक खाडा झाला की मुकादम दंड कापतो. पाळी म्हणजे खाडा, बाळंतपण म्हणजे खाडा. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. मजुरी ठरवायची पद्धत अशी बाईच्या पोटापर्यंत जाते.

आणि अर्थपंडित सांगतात, गरीब देशात मजुरी स्वस्त ठेवा, आधी कारखाने वाढू द्या, मग सगळ्यांचं भलं होईल. वाढले की! १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला. त्यामागून कारखाने आले, बँका आल्या, कॉलेजं आली. स्वस्त हात पुरवणाऱ्या बीडला काय आलं? खिशात पैसा नाही तर गावचा बाजार कशावर फुलणार? पोरगं शाळा सोडून फडावर वाढं गोळा करतंय, तर उद्याचा कारागीर येणार कुठून? स्वस्त मजुरीनं साखर वाढते, देश वाढत नाही.

मी गोदीतला कामगार. गोदीतही मुकादमाचंच राज्य होतं. १९४८ च्या कायद्यानं रोजंदारी हातांची नोंदणी झाली, काम नसलं तरी हजेरीचे पैसे बांधले गेले. कामगार लढले म्हणून झालं.

तेच फडावर हवं. कोयत्याची नाही, माणसाची नोंदणी. बाईच्या नावावर वेगळी मजुरी. दर हंगामाआधी आणि कायद्यानं. खाड्याचा दंड बंद. लवादाच्या खुर्च्या पुढाऱ्यांना सजवायला ठेवा. आम्हाला कायदा द्या!