आठवण करून देणाऱ्या ॲपवर किती भरवसा ठेवायचा?



पेजवर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतोय. शेतीच्या ॲपमध्ये फवारणीची, खताची, गाईच्या माजाची आठवण लावून ठेवली, पण वेळेला फोन वाजलाच नाही. दोन तासांनी वाजला, नाहीतर ॲप उघडल्यावर सगळ्या आठवणी एकदम आल्या. ॲप बेकार म्हणायचं की फोन?

माझं मत आधीच सांगतो. ज्या कामात वेळ चुकली तर पीक, मोटर किंवा जीव जाऊ शकतो, ते काम फोनमधल्या ॲपच्या आठवणीवर सोडू नये. बाकीच्या कामांना ॲप चांगलं आहे, जरूर वापरा. पण आत काय चालतं ते कळल्याशिवाय कोणत्या कामाला किती भरवसा ठेवायचा ते ठरवता येत नाही. पुतण्या ॲप बनवायचं काम करतो, त्याच्याकडून नीट समजून घेतलं ते आपल्या भाषेत लिहितो.

गजर वेगळा, सवडीचं काम वेगळं

ॲपला फोनकडून दोन तऱ्हेची कामं करून घेता येतात. एक गजर: अमुक वाजता मला उठव. दुसरं मागच्या मागे करायचं काम: रेंज आली की माहिती पाठव, अधूनमधून हवामान बघून ये. हे दुसरं काम फोन आपल्या सवडीने करतो. ॲन्ड्रॉइडमध्ये असं पुन्हा पुन्हा करायचं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने लावताच येत नाही, आणि ते १५ मिनिटंसुद्धा घड्याळाच्या काट्यावर पाळली जात नाहीत.

गजरातही दोन प्रकार. पनवेल स्टेशनची लोकल वेळ झाली की सुटते, गाडीत चार माणसं असोत की चारशे. बाहेरची शेअर रिक्षा मात्र भरली की सुटते. २०१३ च्या ॲन्ड्रॉइड ४.४ पासून ॲपचे साधे गजर शेअर रिक्षासारखे झाले. चार ॲपचे गजर जवळजवळ असतील तर फोन ते एकत्र करून एकदाच जागा होतो, म्हणजे बॅटरी वाचते. लोकलसारखा नेमका गजर पाहिजे तर ॲप बनवणाऱ्याने तसा मुद्दाम मागावा लागतो.

मग २०१५ ला ॲन्ड्रॉइड ६ मध्ये 'डोझ' आला. डोझ म्हणजे डुलकी. फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे आणि हलत नाही, असं काही वेळ राहिलं की फोन गाढ झोपतो. मधेच थोडा वेळ डोळा उघडतो, साठलेली कामं उरकतो, परत झोपतो. आता आपलं बघा. रात्री फोन उशाशी, दिवसा बांधावर डब्याच्या पिशवीत. डोझला याहून चांगली जागा कुठली मिळणार? शहरातल्या माणसाचा फोन दिवसभर हातात, त्याला हा त्रास कमी. म्हणजे आठवणीची खरी गरज ज्याला, त्याचाच फोन जास्त झोपतो.

२०२१ च्या ॲन्ड्रॉइड १२ पासून नेमक्या गजराला 'अलार्म आणि रिमाइंडर' नावाची वेगळी परवानगी आली. २०२२ च्या ॲन्ड्रॉइड १३ मध्ये सूचना दाखवायलाच परवानगी लागायला लागली. २०२३ च्या ॲन्ड्रॉइड १४ पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपना नेमक्या गजराची परवानगी आपोआप मिळत नाही, सेटिंगमध्ये जाऊन आपण द्यायची. आपण काय करतो? ॲप टाकलं की जे विचारेल त्याला 'नको' दाबून पुढे जातो, कारण फसवणुकीची भीती असते. भीती खोटी नाही. पण 'नको' दाबलं की आठवण गेली, आणि हे बरीच ॲप आपल्याला सांगत नाहीत. ती बिनधास्त 'आठवण सेट झाली' म्हणतात. माझा खरा राग इथे आहे.

याच्यावर फोन कंपन्यांची स्वतःची बॅटरी बचत. कुठे 'ऑटोस्टार्ट', कुठे 'स्लीपिंग ॲप्स', प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं आणि जागा वेगळी. कोणत्या कंपनीचा फोन मागची ॲप किती मारतो आणि उपाय काय, याची यादी ठेवणारी 'डोन्ट किल माय ॲप' नावाची साइट आहे. अशी साइट काढावी लागली यातच सगळं आलं.

शेतीची वेळ लांबची असते

शहरातली आठवण उद्या सकाळी दहाच्या मीटिंगची. आपली आठवण कशी? भाताचं रोप २१ दिवसांचं झालं की लावणी. गाय उलटली तर २१ दिवसांच्या आसपास परत माज. गाभण गाय साधारण २८० दिवसांनी विणार, त्याच्या दोन महिने आधी आटवायची.

फोन बंद करून चालू केला की ॲपने लावलेले गजर पुसले जातात. चांगलं ॲप फोन चालू झाल्याबरोबर ते परत लावून घेतं, आळशी ॲप लावत नाही. २१ दिवसांत आपला फोन किती वेळा बंद पडतो बघा. बॅटरी उतरते, पावसात भिजतो, नवं अपडेट येतं. गाभण गाईचं तर त्याहून वाईट. एखादं ॲप काही महिने उघडलंच नाही तर ॲन्ड्रॉइड १२ पासून फोन त्याला झोपवतो, परवानग्या काढून घेतो आणि ते मागून काहीच करू शकत नाही. फेब्रुवारीत गाय भरवल्याची नोंद केली, मग ॲपकडे बघितलं नाही, तर आटवायच्या महिन्यात ते ॲप स्वतःच झोपलेलं असणार. कालनिर्णयच्या पानावर पेनाने केलेली खूण मात्र भिंतीवर तशीच राहते. जुनं ते सोनं म्हणून सांगत नाही, कागदाला बॅटरी लागत नाही म्हणून सांगतो.

आणि सगळ्या वेळा घड्याळाच्या नसतात. आमची कळंबोली खाडीकाठच्या सखल खारजमिनीवर वसलेली. इकडच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ विचारा, ते तिथी विचारतील. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनला भरती. अष्टमीला सहा. खाडीत जितकं आत जाल तितकी थोडी उशिरा. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. आता फोनमध्ये 'रोज तीन वाजता' असा गजर लावला तर आठवडाभरात तो भरतीऐवजी ओहोटीला वाजेल. गजर वेळेवर वाजला तरी काम चुकलं. ॲप बनवणाऱ्याला आधी काम कळलं पाहिजे, घड्याळ नंतर. कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेललाच आहे, पनवेल १, २, ३ हे खारजमिनीचे भात तिथलेच. तिथल्या शास्त्रज्ञांना माझी विनंती आहे की खारजमिनीसाठी ॲप काढलं तर त्यात तिथी धरा.

कुठे अजिबात भरवसा ठेवू नये

मोटर. 'दोन तासांनी बंद कर' असं सांगायची सोय काही मोबाईल स्टार्टरच्या ॲपमध्ये असते. घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: ही दोन तासांची वेळ कुठे मोजली जाते, माझ्या फोनमध्ये की स्टार्टरच्या डब्यात? डब्यात मोजत असेल तर फोन झोपो, हरवो, रेंज जावो, मोटर वेळेवर बंद होणार. फोनमध्ये मोजत असेल तर फोन झोपला की मोटर चालूच. विहिरीचं पाणी संपलं तर मोटर कोरडी फिरून जळणार. रात्रपाळीच्या लाईटवर पाणी देणाऱ्या भावांनी हे नीट बघावं. ड्राय रन कट म्हणजे पाणी संपल्यावर मोटर थांबवणारी सोयसुद्धा डब्यातच हवी.

ही अक्कल काही नवी नाही. खारबांधाची उघाडी बघा. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं, झडप बंद होते. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. दिवसातून दोनदा, वेळ रोज बदलते, तरी कुणी गजर लावत नाही. ज्या ठिकाणी काम व्हायचं त्याच ठिकाणी त्याचं ठरणं ठेवलंय. मोटरच्या बाबतीत माझा आग्रह एवढाच आहे.

दुसरं, वीज. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत विजेचा इशारा देतं. ॲप चांगलं आहे, ठेवावं. पण तो निरोप बाहेरून इंटरनेटवर येतो. रेंज नाही, लोकेशन बंद, किंवा सेटिंगमध्ये जाऊन ॲप 'फोर्स स्टॉप' केलेलं, तर निरोप पोचणार नाही. म्हणून ॲप गप्प आहे याचा अर्थ वीज नाही असा कुणी घेऊ नये. गडगडाट कानावर आला की आपण टप्प्यात आहोत. औत सोडा, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात या. २०२३ मध्ये सगळ्यांच्या फोनवर भोंग्यासारखा आवाज करत सरकारचा चाचणी मेसेज आला होता, आठवत असेल. तो टॉवरवरून थेट फोनला येतो, त्याला ॲप लागत नाही. जिवाच्या इशाऱ्याला हीच वाट बरी, असं माझं मत आहे.

तिसरं, शेवटची तारीख असलेलं सरकारी काम. २०२१ पासून ई-पीक पाहणी आपणच फोनवर करतो. बांधावर रेंज नसते, माहिती पाठवायची राहते. 'नंतर आपोआप जाईल' यावर बसू नका. रेंजमध्ये येऊन ॲप उघडं ठेवून पाठवा आणि नोंद झाल्याचं डोळ्यांनी बघा. पीक सातबाऱ्यावर चढणं हा पैशाचा प्रश्न आहे, फोनच्या सवडीचा नाही.

ॲप बनवणाऱ्यांकडे आमची मागणी

कृषी खात्यातले, विद्यापीठातले, कंपन्यांतले बरेच जण हे पेज वाचतात. त्यांच्यासाठी.

१. परवानगी नसेल तर 'आठवण सेट झाली' म्हणू नका. 'तुमच्या फोनमध्ये परवानगी बंद आहे, आठवण वाजणार नाही' असं मराठीत लिहा आणि सेटिंगचं ते पान उघडून द्या.

२. प्रत्येक गोष्टीला नेमका गजर मागू नका, बॅटरी आमचीच जाते. बाजारभाव सवडीने आला तरी चालेल. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी गाय भरवायची, ती आठवण मात्र नेमकी पाहिजे.

३. फोन बंद-चालू झाल्यावर गजर परत लागतात का, ते तुमच्या महागड्या फोनवर बघू नका. दहा हजारांच्या आतल्या फोनवर, रात्रभर चार्जरशिवाय ठेवून बघा.

४. महत्त्वाची आठवण फोनवर साठवून मोकळे होऊ नका. तुमच्याकडूनही साधा एसएमएस किंवा फोन येऊ द्या. साधा फोन वापरणाऱ्या आईबापालाही तो पोचतो.

५. चुकलेली आठवण लपवू नका. 'काल सहाची आठवण देता आली नाही' असं ॲप उघडल्यावर दिसलं पाहिजे, म्हणजे माणूस निदान सावध होईल.

यातलं एकही काम अवघड नाही, असं पुतण्या म्हणतो. करायचं मनावर घेतलं पाहिजे.

आणि आपण काय करायचं

नवीन ॲप टाकलं की त्याच रात्री परीक्षा घ्या. पहाटे पाचची आठवण लावा, फोन बंद करून चालू करा, चार्जर न लावता पालथा ठेवून झोपा. पाचला वाजला तर पास. वाजला नाही तर ॲपच्या सेटिंगमध्ये सूचना चालू करा, 'अलार्म आणि रिमाइंडर' चालू करा, बॅटरीत 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा, ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा. परत परीक्षा घ्या. ही मोकळीक दोन-तीन कामाच्या ॲपनाच द्या, सगळ्यांना दिली तर दुपारपर्यंत फोन आडवा होईल.

उद्या-परवाचं काम असेल तर फोनच्या घड्याळातलाच गजर लावा. घड्याळाच्या गजराला फोन डोझमधूनही उठतो. फक्त बॅटरी उतरू देऊ नका. जुन्या नोकियात फोन बंद असला तरी गजर वाजायचा, ते दिवस आता नाहीत. महिन्याच्या पुढचं काम असेल तर फोन आणि भिंत, दोन्हीकडे लिहा. आणि घरात दोन माणसांना माहीत असू द्या. बऱ्याच घरात पहिली आठवण घरातली बाईच करून देते, तिच्या फोनमध्येही तेच ॲप असू द्या.

तुमच्या फोनमध्ये परीक्षा पास झाली की नापास ते खाली लिहा. फोनचं मॉडेल, ॲन्ड्रॉइडचा नंबर आणि किती उशिरा वाजलं एवढं पुरे. पन्नास जणांचं जमलं की यादी करून कृषी खात्याला आणि ॲपवाल्यांना पाठवू. नुसतं 'ॲप बेकार' म्हटलं तर कुणी ऐकत नाही, आकडे दिले की ऐकावं लागतं.