फुकटच्या ‘विंडोज’चे वीजबिल

नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नायगावात मे महिन्याच्या दुपारी सारे व्यवहार मंदावतात. घरातील माणसे जेवून आडवी झालेली असतात. कोपऱ्यातील संगणकासमोर कोणीही बसलेले नसते. तरीही त्याच्या डब्यातील पंखा मळणीयंत्रासारखा घरघरत असतो. कोणी उठून माऊस हलवला, ‘टास्क मॅनेजर’ उघडला, की घरघर थांबते. पुन्हा पाठ टेकली की पाच मिनिटांत सुरू. घरातील कर्ता पुरुष म्हणतो, ऊन फार आहे. मुलगा म्हणतो, संगणक जुना झाला, नवा घ्या. दुरुस्तीवाला येतो, धूळ झटकतो, ‘फॉरमॅट’ मारतो, पैसे घेऊन जातो. आठवडाभर शांतता असते. नंतर पुन्हा तेच. नायगावच नव्हे, मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी हे चित्र दिसावे, इतके ते सार्वत्रिक आहे.

वस्तुतः यात उन्हाचा दोष नाही आणि संगणकाच्या वयाचाही नाही. त्या घरातील वीज व त्या घराचे यंत्र वापरून दूरदेशीचा कोणी अनोळखी इसम स्वतःसाठी नाणी पाडत असतो. कूटचलनाच्या व्यवहारात याला ‘मायनिंग’ म्हणजे खाणकाम म्हणतात. या चलनाची वही कोणत्याही बँकेकडे नसते. ती जगभरातील संगणकांवर असते आणि तिच्यात नवे पान जोडण्यासाठी प्रचंड आकडेमोड करावी लागते. जो ती आधी पूर्ण करील त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झाले तेव्हा ही आकडेमोड घरगुती संगणकावर होत असे. पुढे त्यासाठी खास यंत्रे निघाली आणि साधा संगणक त्या स्पर्धेतून बाद झाला. परंतु २०१४ मध्ये आलेले ‘मोनेरो’ हे चलन साध्या प्रोसेसरवरही निघावे अशाच बेताने घडवलेले आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची पद्धती बदलली, तीही हाच बेत पक्का करण्यासाठी. शिवाय मोनेरोच्या व्यवहारात देणारा, घेणारा व रक्कम या तिन्ही गोष्टी झाकलेल्या राहतात. चोराला आणखी काय हवे? आकडेमोड करणारी ‘एक्सएमरिग’ नावाची आज्ञावली खुली आहे, स्वतःच्या यंत्रावर ती चालवणाऱ्याला कोणी चोर म्हणणार नाही. गुन्हा आहे तो दुसऱ्याच्या घरात न विचारता ती चालवण्यात.

या चोरीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. साधा डेस्कटॉप रिकामा बसलेला असताना पन्नास-साठ वॅट वीज ओढतो. प्रोसेसर पूर्ण ताणला गेला की तीच ओढ सवाशेच्या पुढे जाते. सत्तर वॅटांचा हा फरक दिवसरात्र चालू राहिला तर महिन्याला पन्नास युनिटे होतात. संगणक आठच तास चालू ठेवणाऱ्या घरातही सोळा-सतरा युनिटे सहज जातात. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांचा टप्पा स्वस्त आहे आणि त्यावरचे प्रत्येक युनिट दुपटीच्या आसपास महाग. काटकसरीने शंभरच्या आत राहणारे घर या चोरीमुळे टप्पा ओलांडते. गंमत अशी, की जुन्या संगणकातून चोराच्या हाती पडणारी रक्कम गृहस्थाने भरलेल्या विजेहूनही कमी असते. स्वतःच्या घरी हा उद्योग करणारा बुडेल. चोराला तो परवडतो, कारण वीजबिल दुसऱ्याचे आहे आणि अशी घरे हजारोंनी आहेत.

नांदेड जिल्ह्याला ‘मायनिंग’ हा शब्द नवा नाही. २०१५ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘गेनबिटकॉइन’ योजनेने याच खाणकामाच्या नावावर दरमहा दहा टक्के परताव्याचे, तेही अठरा महिने, आमिष दाखवले. योजनेचा सूत्रधार म्हणून ठपका आलेल्या अमित भारद्वाजला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. २०२२ मध्ये तो मरण पावला, पण तपास संपलेला नव्हता. २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने देशभर साठाहून अधिक ठिकाणी झडती घेतली तेव्हा पुणे, कोल्हापूर यांच्या बरोबरीने नांदेडचेही नाव त्या यादीत होते. तेथे लोकांनी लोभाने स्वतःच्या हाताने पैसे दिले. येथे कोणी काही दिलेले नाही, निदान तसे वाटते. या ‘वाटते’ शब्दातच सारी गोम आहे.

हा चोर घरात शिरतो कसा? एकेकाळी तो संकेतस्थळांतून डोकावत असे. २०१७ च्या सप्टेंबरात ‘कॉइनहाइव्ह’ नावाची सेवा निघाली. तिच्या चार ओळी संकेतस्थळात घातल्या की पान उघडे असेपर्यंत वाचकाचा संगणक खाणकामाला जुंपला जाई. २०१८ च्या सप्टेंबरात गुवाहाटीच्या तरुण संशोधकांनी दाखवून दिले, की आंध्र प्रदेशातील नगरप्रशासन संचालनालय, तिरुपती महानगरपालिका व माचर्ला नगरपालिका यांच्या संकेतस्थळांत अशा ओळी घुसवलेल्या होत्या. घरपट्टीची चौकशी करायला गेलेल्या नागरिकाकडून न सांगता ही दुसरी पट्टी वसूल होत होती! सरकारी खात्यांच्या बेफिकिरीवर यापुढे निराळे भाष्य नको. कॉइनहाइव्ह २०१९ च्या मार्चमध्ये बंद पडले आणि तो मार्ग बराचसा आटला.

परंतु दुसरा मार्ग आजही राजरोस खुला आहे आणि त्याचे दार गृहस्थ स्वतःच उघडतो. २०२१ च्या जूनमध्ये ‘अवास्ट’ या झेक कंपनीने एका घुसखोर आज्ञावलीचा छडा लावला आणि झेक लोककथांतील पर्वतदेवतेच्या नावावरून तिला ‘क्रॅकोनॉश’ असे नाव दिले. २०१८ पासून ती जगभर दोन लाख बावीस हजार संगणकांत शिरली होती. त्यांपैकी तेरा हजारांहून अधिक संगणक भारतातील होते. चोरांनी नऊ हजारांच्या आसपास मोनेरो, म्हणजे वीस लाख डॉलरांहून अधिक किमतीची नाणी उपसली. ती आली कशातून? ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’, ‘फार क्राय’ यांसारख्या खेळांच्या फुकट वाटल्या जाणाऱ्या ‘क्रॅक’ प्रतींतून. खेळ चालू होई, मुलगा खूश होई. पाठीमागे ही आज्ञावली संगणकाला ‘सेफ मोड’मध्ये उठवी, कारण त्या अवस्थेत विषाणूरोधक जागा नसतो. मग ती त्या झोपलेल्या पहारेकऱ्याला पुसून टाकी, विंडोजची अद्ययावत होण्याची सोय बंद करी आणि पडद्याच्या कोपऱ्यात सुरक्षेची हिरवी खूण स्वतःच चिकटवून ठेवी. गृहस्थ ती खूण पाहून निर्धास्त!

आता नायगावातील त्या संगणकाकडे परत यावे. त्यातील ‘विंडोज’ विकत घेतलेले असते काय? लेखाचे, छपाईचे, हिशेबाचे सॉफ्टवेअर? मुलाचे खेळ? ‘बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स’ या उद्योगसंस्थेच्या पाहणीनुसार २०१७ मध्ये भारतातील संगणकांवरील छप्पन्न टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. ही संस्था सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची आहे, तेव्हा आकडा फुगवलेला आहे असे खुशाल धरावे. निम्मा केला तरी लाज वाटावी इतका तो उरतो. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, ‘एमएस-सीआयटी’च्या वर्गांनी संगणक तालुक्या-तालुक्यांत पोहोचवला, शिक्षक-कारकुनांच्या घरी तो आला. हे मोठेच कार्य झाले. मात्र संगणकासोबत सुसंस्कृत घरांत एक संस्कारही रुजला, की यंत्राचे पैसे द्यायचे आणि त्यातील आज्ञावलीचे द्यायचे नाहीत. जो गृहस्थ भाजीवाल्याच्या वजनातील पन्नास ग्रॅमांवरून वाद घालतो, मुलाने शेजारच्या बागेतील पेरू तोडला तर कान पिळतो, तोच दुरुस्तीवाल्याला सांगतो, “सगळं टाकून दे, पण फुकटातलं.” अस्तेय हे व्रत फक्त दिसणाऱ्या वस्तूंपुरतेच आहे की काय?

फुकटच्या विंडोजला ‘खरे’ भासवण्यासाठी जे ‘ॲक्टिव्हेटर’ चालवतात, त्याची पहिलीच सूचना असते: विषाणूरोधक बंद करा. यापेक्षा स्पष्ट इशारा कोणता? दाराला दोन-दोन कुलुपे लावणारे घर पहारेकऱ्याला आपल्या हाताने झोपवते आणि अनोळखी माणसाला घराच्या किल्ल्या देते. त्याने मग तिजोरी फोडली नाही, नुसती वीज चोरली, तर उपकारच मानायचे. पुष्कळदा तेवढ्यावर भागतही नाही. खाणकामाच्या सोबतीला परवलीचे शब्द चोरणारी आज्ञावलीही शिरलेली असते.

म्हणूनच या घुसखोराला काढण्याच्या प्रचलित पद्धतीला उपचार म्हणणे कठीण आहे. दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट’ मारतो आणि त्याच पेन ड्राइव्हवरून तेच चोरटे विंडोज, तोच ॲक्टिव्हेटर पुन्हा चढवतो. विहिरीतील मेलेले जनावर तसेच ठेवून पाणी तेवढे उपसण्यासारखे हे आहे. खरा उपचार तुलनेने साधा आहे, पण त्याला शिस्त लागते. प्रथम इंटरनेट तोडावे, म्हणजे खाणीचा मालकाशी संपर्क तुटतो. मग विंडोजच्या सुरक्षा-व्यवस्थेत ‘तपासू नये’ अशा अपवादांची यादी पाहावी. ही मंडळी बहुधा स्वतःचा कप्पा, प्रसंगी संपूर्ण ‘सी’ ड्राइव्ह त्या यादीत घालून ठेवतात. संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञावली व ‘टास्क शेड्युलर’ तपासावा. ‘एसव्हीसीहोस्ट’सारखे विंडोजचेच भारदस्त नाव धारण करणारी, पण ‘सिस्टिम ३२’ सोडून भलत्याच कप्प्यात बसलेली फाइल दिसली तर चोर सापडला. ‘होस्ट्स’ फाइलही उघडून पाहावी, कारण विषाणूरोधक कंपन्यांच्या संकेतस्थळांची वाट तेथेच अडवलेली असते. त्यानंतर विंडोज उठण्यापूर्वी तपासणी करणारा ‘डिफेंडर ऑफलाइन’ चालवावा. ज्या क्रॅकमधून हे सारे आले तो खेळ, ते सॉफ्टवेअर, तो ॲक्टिव्हेटर काढून टाकल्याखेरीज यांपैकी कशाचाही उपयोग नाही. पहारेकरीच पुसला गेला असेल तर फोटो व कागदपत्रे तेवढी बाजूला काढावीत आणि अधिकृत प्रतीवरून सारे नव्याने चढवावे. बँकेचे व ई-मेलचे परवलीचे शब्द दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बदलावेत.

सरकारची मदतही उपलब्ध आहे. ‘सर्ट-इन’ने २०१७ च्या फेब्रुवारीत ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तेथे घुसखोर आज्ञावली काढण्याची साधने विनामूल्य मिळतात आणि आरंभापासूनच त्या कामात पुण्याच्या ‘क्विक हील’चा हातभार आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचा, कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारा कैलास काटकर हा तरुण पुण्यात भाऊ संजय यांच्यासह विषाणूरोधक तयार करतो आणि ती कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात उतरते, ही मराठी माणसाने छाती फुगवून सांगावी अशी कथा आहे. ती भाषणांत सांगितलीही जाते. मात्र अशाच विषाणूरोधकांच्या चोरट्या किल्ल्या शोधणारे महाभागही आपल्यातच आहेत.

पोलिसांकडे जावे काय? जावे, कायदा बाजूने आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ नुसार दुसऱ्याच्या संगणकात अशी आज्ञावली घुसवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. परंतु तक्रारदाराने आणखी एक कलम वाचून जावे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणकीय आज्ञावलीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे हाही गुन्हा असून किमान सात दिवसांच्या कारावासाची तरतूद आहे. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कारावासाऐवजी पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकते. म्हणजे चोराविरुद्ध तक्रार करणारा गृहस्थ ज्या संगणकाचा पुरावा टेबलावर ठेवील, तो संगणक त्याच्याही विरुद्ध साक्ष देईल.

यावर ठरलेले उत्तर असते: परदेशी कंपन्यांची तिजोरी आधीच भरलेली आहे, दहा हजारांच्या घरातले विंडोज शिक्षकाने कोठून घ्यावे? प्रश्नाचा पूर्वार्ध लबाड आहे, उत्तरार्ध रास्त आहे. कंपनी श्रीमंत आहे म्हणून तिची चोरी करावी, हे तर्कट मान्य केले तर उद्या मोंढ्यातील श्रीमंत अडत्याची गोदामेही फोडता येतील. ज्याला परदेशी कंपनीला पैसा द्यायचा नाही त्याच्यापुढे खरा स्वदेशी बाण्याचा मार्ग मोकळा आहे: तिचा माल वापरूच नये. ‘लिनक्स’ फुकट आहे आणि ते वापरण्यात चोरी नाही. भारत सरकारच्या ‘सी-डॅक’ने त्यावरच ‘बॉस’ ही प्रणाली उभी केली. लेखनासाठी ‘लिबर ऑफिस’ आहे. युनिकोडमुळे मराठी टंकलेखनासाठी कोणाचीही फाँटची सीडी पळवण्याची गरज उरलेली नाही. केरळातील डाव्यांशी मतभेद कितीही असोत, पण तेथील सरकारी शाळांतील दोन लाखांहून अधिक संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात हे मान्य केलेच पाहिजे. राष्ट्रभक्तीची व्याख्याने महाराष्ट्रात त्यांच्याहून अधिक होतात. आपल्या किती शाळांत चोरटे विंडोज आहे, याची मोजदाद मात्र कोणी करत नाही.

मोजदादीची वेळही आता टळून चालली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने थांबवली आणि जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. नायगावच्या दुरुस्तीवाल्याकडे त्यावरही तोडगा तयार असतो. “साहेब, आपल्याकडे विंडोज ११ ची क्रॅक आहे, तीनशे रुपये द्या,” असे तो म्हणतो. त्याच्या टेबलावर बहुतेक वेळा दुसरा पेन ड्राइव्ह नसतोच, कारण लिनक्सचा पेन ड्राइव्ह अजून कोणी त्याच्याकडे मागितलेलाच नाही.