पेशी मोजायला सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?



सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेला मोबाईल लावून कांद्याच्या पापुद्र्याचा फोटो काढणं आता मुलांना सहज जमतं. पण "ही पेशी केवढी आहे?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मग शाळेत मोजमापाचं सॉफ्टवेअर घेण्याचा विषय निघतो. विक्रेता येतो, एका क्लिकवर आकडा दाखवतो आणि सगळे खूश!

माझं मत सरळ आहे. आकडा झटकन देणारं नव्हे, तर तो कुठून आला हे मुलांना दाखवणारं सॉफ्टवेअर निवडावं.

कारण फोटोत मायक्रोमीटर नसतात, फक्त पिक्सेल असतात. किती पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर, हे कुणीतरी ठरवावंच लागतं. यूएसबी सूक्ष्मदर्शकात फोकसचं चाक फिरवलं की वर्धनही बदलतं. खोक्यावर छापलेलं वर्धन धरून मोजलं, तर उत्तर दशांशासकट चुकतं!

शाळेसाठी माझी पसंती 'इमेजजे'ला आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये वेन रॅस्बँड यांनी ते तयार केलं. १९९७ पासून ते मोफत मिळतं, साध्या संगणकावर चालतं आणि जगभरचे संशोधक वापरतात.

कृती अशी. पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली, कमी वर्धनावर ठेवा आणि फोटो काढा. इमेजजेमध्ये एक मिलिमीटरच्या दोन खुणांवर रेघ ओढा. 'सेट स्केल'मध्ये अंतर १००० आणि एकक मायक्रोमीटर लिहा. समजा, ती रेघ ८०० पिक्सेल भरली. म्हणजे एक पिक्सेल १.२५ मायक्रोमीटर. आता त्याच वर्धनावर काढलेल्या फोटोत पेशी २०० पिक्सेल लांब असेल, तर तिची लांबी २५० मायक्रोमीटर. हे गणित मुलांनी आधी वहीत करावं, मग सॉफ्टवेअरचं उत्तर पडताळावं.

एक सावधगिरी मात्र हवी. पट्टीचा आणि पेशीचा फोटो एकाच मोबाईलने, झूम न बदलता काढा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बरेचदा लहान होतो, पिक्सेल कमी होतात आणि सगळं माप बिघडतं. मूळ फाईलच वापरा.

इमेजजेच्या मेनूत सगळं इंग्रजी आहे आणि पहिल्या दिवशी मुलं गोंधळतात, हे खरं. पण लागणारी बटणं चार-पाचच. ती फळ्यावर मराठीत लिहून दिली की काम भागतं. वाचलेल्या पैशात स्टेज मायक्रोमीटर घ्या. ही काचेवरची बारीक मोजपट्टी असते. एका मिलिमीटरचे शंभर भाग केलेली पट्टी घेतली, तर जास्त वर्धनावरही माप नेमकं येतं.

पालकांनाही एक विनंती. मूल घरी येऊन "पेशी २५० मायक्रोमीटरची आहे" म्हणालं, तर शाबासकी द्याच, पण "कशावरून?" हेही विचारा. त्याला उत्तर देता आलं, तर समजा निवड योग्य झाली.